विमानाच्या धुरातली काजळी मोजतात कशी? गावाकडच्या प्रश्नांची उत्तरं

आमचं गाव आर्वी तालुक्यात, नागपूरच्या विमानतळापासून शंभरेक किलोमीटरवर. इथे विमान उतरत नाही, पण देशाच्या मधोमध असल्यामुळे डोक्यावरून दिवसरात्र जातात. विमानाच्या इंजिनातून निघणारी काजळी मोजणाऱ्या उपकरणांवर मी काम करते. दिवाळीत घरी आले की ओसरीवर, पारावर आणि एकदा शाळेनं बोलावलं तेव्हा वर्गातही तेच तेच प्रश्न आले. दरवेळी घाईत अर्धवट सांगून होतं आणि मनाला लागून राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढलं. काही प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

विमानाचा धूर तर दिसतच नाही. मग काजळी कुठून आली?

विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच अधिक शुद्ध केलेला भाऊबंद. लाइट नव्हती तेव्हा घरोघरी चिमणी जळायची. वात जरा वर सरकवली की ज्योत लाल व्हायची आणि धुराची काळी शेंडी निघायची. कारण तेल जास्त आलं आणि हवा तेवढीच राहिली. इंजिनाच्या ज्वलनकक्षातही काही जागी असंच घडतं. तिथे तापमान दोन हजार अंशांच्या वर असतं. पण जिथे इंधन दाट आणि हवा कमी, तिथे इंधनाचे रेणू पुरते जळण्याआधीच तुटतात. त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून कार्बनच्या कड्या होतात, कड्यांचे थर होतात, थरांचे गोळे होतात. त्यातले बहुतेक गोळे पुढे कक्षातच ताजी हवा मिळाल्यावर जळून जातात. जे सुटतात ते मागून बाहेर पडतात.

१९६०च्या दशकातली जेट विमानं उडताना मागे काळा धूर सोडायची. आता तो दिसत नाही, कारण वजनानं काजळी खूप कमी झाली आणि कण फार बारीक आहेत. पण डोळ्याला दिसणं बंद झालं म्हणून कण संपले असं होत नाही, आणि माझं सगळं काम इथूनच सुरू होतं.

एक कण केवढा असतो?

कापसाचा एक तंतू घ्या. तो साधारण १५ मायक्रॉन जाड असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि त्याचाही हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काजळीचा ४० नॅनोमीटरचा कण घेतला, तर त्या तंतूच्या जाडीवर असे पावणेचारशे कण शेजारी शेजारी बसतील. इंजिनातून येणारे बहुसंख्य कण १५ ते ६० नॅनोमीटरच्या आसपास असतात.

हा कण म्हणजे सुटी गोळीही नव्हे. १० ते २५ नॅनोमीटरच्या छोट्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्याचा वेडावाकडा घोस बनतो. ज्वारीचं अर्धवट टिपलेलं कणीस डोळ्यांसमोर आणा. दाणे एकमेकांना टेकलेले, मध्येच फटी, एखादी बाजू पसरलेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काजळी तशीच दिसते. प्रत्येक गोळीत कांद्यासारखे कार्बनचे थर असतात. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ स्क्रीनवरून नजर हटली नव्हती.

"आभायात इमान गेलं का मांगं पांढरा पट्टा पडते, थो धूर हाय का?"

तो पट्टा बर्फाचा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथली हवा शून्याखाली चाळीस-पन्नास अंश. इंधन जळून जी पाण्याची वाफ निघते, ती त्या थंडीत गोठते. पण वाफेला बसायला जागा लागते. हिवाळ्यात धुवारी, म्हणजे धुकं, पडते तेव्हा हवेतल्या बारीक कणांवरच थेंब धरतात, तसंच इथे काजळीचे कण वाफेला बैठक देतात. म्हणजे पट्टा काजळीचा नसला तरी त्यातल्या बहुतेक बर्फकणांच्या पोटात काजळीचा कण असतो.

वरची हवा कोरडी असेल तर पट्टा लगेच विरतो. ओलसर असेल तर तासन्‌तास टिकतो आणि पसरून पातळ ढगासारखा होतो. असा ढग जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतो. त्यामुळे हवामान तापण्यातला विमानांचा वाटा मोजताना या पट्ट्यांचा हिशेब धरावा लागतो आणि त्या हिशेबाची सुरुवात काजळीचे कण किती आहेत इथून होते.

विमानं ढग पळवतात, म्हणून पाऊस येत नाही, हे खरं का?

नाही. पेरण्या खोळंबल्या की ही गोष्ट गावोगाव फिरते. त्यामागची तळमळ मला कळते, आमच्या घरीही तोच कापूस आणि तीच तूर आहे. पण प्रवासी विमानांचा पट्टा पावसाच्या ढगांच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो आणि मोसमी पाऊस समुद्रावरून येणाऱ्या बाष्पावर, कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. राज्यात २०१५ आणि २०१९ साली औरंगाबादहून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. ती वेगळी विमानं, मुद्दाम ढगात शिरणारी. त्यांचा हेतूही पाऊस पाडण्याचाच होता.

पूर्वी हा धूर कसा मोजायचे?

पांढऱ्या कागदावर. ठरावीक वायू गाळण कागदातून ओढायचा, एका चौरस मीटर कागदामागे १६.२ किलो वायू या प्रमाणात, आणि कागद किती काळवंडला ते पाहायचं. कोऱ्या कागदावरून जेवढा उजेड परत येतो आणि डागावरून जेवढा येतो, त्यांच्या फरकावरून शून्य ते शंभरमधला आकडा काढायचा. त्याला स्मोक नंबर म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे इकाओनं, आपल्या परिशिष्ट १६च्या दुसऱ्या खंडात ही पद्धत आणि तिची मर्यादा घातली होती.

काळा धूर बंद करायला ही पद्धत चांगली उपयोगी पडली. पण कागद फक्त काळेपणा सांगतो. कण किती, केवढे, कसे, यातलं त्याला काहीच कळत नाही. कंदिलाची काच किती काजळली यावरून कण मोजता येतील का?

मग आता नियम काय आहे?

आता 'नॉन-व्होलाटाइल' कण मोजतात, म्हणजे ३५० अंशांना तापवले तरी ज्यांची वाफ होत नाही असे. त्यात मुख्यत्वे काजळीच येते. २६.७ किलोन्यूटनहून जास्त रेटा देणाऱ्या जेट इंजिनांना १ जानेवारी २०२० पासून या कणांच्या वजनाचा नियम लागू झाला. १ जानेवारी २०२३ पासून नव्या प्रकारच्या इंजिनांना वजन आणि संख्या, दोन्हींची मर्यादा आली. संख्येचा नियम यायला इतकी वर्षं का लागली, ते पुढच्या दोन उत्तरांत कळेल.

धगधगत्या इंजिनाच्या मागे नळी धरता तरी कशी?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हाच, कारण आमची अर्धी मेहनत इथे जाते.

इंजिन चाचणीघरात पक्कं बांधलेलं असतं. मागच्या तोंडाजवळ, तोंडाच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी अंतरावर, धातूची शोषनळी बसवतात. एकाच जागचा वायू घेतला तर फसगत होते. कक्षातून येणारा वायू सगळीकडे सारखा मिसळलेला नसतो, म्हणून अनेक तोंडांतून थोडा थोडा घेतात. व्यापारी पोत्यात चार ठिकाणी हात घालून तुरीचा नमुना काढतो, तसं.

पुढची नळी १६० अंशांवर तापती ठेवावी लागते. नाहीतर वाफ आणि अर्धवट जळलेलं इंधन आतल्या बाजूला धरेल आणि कण त्यात भिजतील. मग त्या वायूत सुकी नायट्रोजन मिसळून तो साधारण दहापट पातळ करतात. पातळ केला की दोन गोष्टी साधतात. पाणी धरत नाही, आणि कण एकमेकांवर आदळून चिकटत नाहीत. त्यानंतर सुमारे २५ मीटर लांब, ६० अंशांवर ठेवलेली नळी. एवढी लांब कशाला? कारण इंजिनाच्या मागच्या झोतात आणि आवाजात नाजूक उपकरणं ठेवता येत नाहीत. सगळी वाट मिळून ३५ मीटरच्या आत राहिली पाहिजे.

उपकरणांआधी एक छोटा चक्री गाळण असतो. नळीच्या आतून सुटलेला एखादा मोठा पापुद्रा त्यात भोवऱ्यासारखा फिरून बाजूला पडतो. एक मायक्रॉनहून मोठं काही पुढे जाऊ देत नाहीत.

"आन् मंग एवढ्या लांब नयीत काजयी चिकटून नाई रायत का?"

राहते! हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांनी विचारला. आयुष्यभर कापूस गाडीत भरून बाजारात नेलेला माणूस, त्यांना घट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

नळीत काजळी तीन वाटांनी हरवते. पहिली वाट बारीक कणांच्या चुळबुळीची. जितका कण लहान तितका तो हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतो आणि भिंतीला लागला की तिथेच बसतो. दुसरी वाट उष्णतेची. गरम वायूतले कण थंड भिंतीकडे ढकलले जातात. तिसरी विजेची. नळीवर स्थिर वीज साचली की भारित कण तिच्याकडे ओढले जातात, म्हणून नळीच्या आतल्या टेफ्लॉनमध्ये कार्बन मिसळतात आणि नळी जमिनीला जोडतात.

दुसऱ्या वाटेवर माझ्या मायचा हात आहे असं मी वर्गात सांगते. आम्ही लहान असताना ती घरी काजळ धरायची. तेलाच्या दिव्यावर पितळेचं ताट पालथं घालायची आणि ताटाच्या पाठीवर ओलं फडकं ठेवायची. फडकं कशाला, विचारलं तर म्हणे, "ताट थंड रायलं का काजय जास्त धरते." तिनं शाळेची पायरीही चढली नव्हती, पण हे तंतोतंत खरं आहे. ज्योतीकडून येणाऱ्या गरम हवेतले कण थंड पृष्ठभागाकडे जातात. या ओढीला थर्मोफोरेसिस म्हणतात. सूक्ष्मदर्शकासाठी काजळीचा नमुना तांब्याच्या इवल्याशा जाळीवर घेताना आम्हीसुद्धा याच तत्त्वाचा उपयोग करतो. काजळ धरताना जी ओढ हवीशी वाटते, ती नळीत नको असते.

घट किती? वाईटात वाईट परिस्थितीत वजनाचा निम्मा भाग आणि संख्येतल्या दहापैकी नऊ कणांपर्यंत. मोठे कण वजन धरून ठेवतात, बारीक कण संख्या घेऊन जातात. म्हणून उपकरणानं दाखवलेला आकडा आणि इंजिनाच्या तोंडातला आकडा वेगळा असतो. कोणत्या आकाराचे किती कण वाटेत गळाले याचं गणित करून ती भर घालावी लागते. बाजारात घट शेतकऱ्याच्या माथी पडते. इथे ती मोजणाऱ्यानं मान्य करून हिशेबात दाखवायची असते.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगते. एका चाचणीत संख्या अचानक खूप उतरली. सगळे खूश, इंजिन स्वच्छ आहे म्हणून. मला मात्र कार्बन डायऑक्साइडचा आकडा जसाच्या तसा दिसत होता. म्हणजे वायू तेवढाच येत होता, फक्त कणच येत नव्हते. शोधता शोधता कळलं, नळीचा एक जोड बदलताना जमिनीची तार परत जोडलीच नव्हती. जोड मीच बदलला होता. इंजिन स्वच्छ नव्हतं, नळी काजळी खात होती. तेव्हापासून आकडा चांगला आला की मी आधी नळी तपासते.

न दिसणारा कण मोजता कसा?

त्याला धुवारीत न्हाऊ घालून. आधी वायू ३५० अंशांना तापवून त्यातले तेलाचे, गंधकाचे वाफ होणारे अंश काढून टाकतात. मग तो ब्युटॅनॉल नावाच्या अल्कोहोलच्या वाफेतून नेतात आणि एकदम थंड करतात. प्रत्येक कणावर थेंब धरतो आणि बघता बघता मायक्रॉनभर मोठा होतो. आता तो प्रकाशझोतातून गेला की चमकतो. चमक मोजा, कण मोजले. आकाशातल्या पट्ट्यात जे घडतं, तेच या डबीत घडवून आणलेलं असतं.

या मोजणीलाही मर्यादा आहे. नियमाप्रमाणे उपकरणानं १० नॅनोमीटरच्या कणांपैकी निदान निम्मे आणि १५ नॅनोमीटरच्या कणांपैकी नव्वद टक्के पकडले पाहिजेत. त्याहून बारीक निसटतात.

आणि वजन? इतक्या हलक्याला काटा कुठला?

काटा नाही, उजेड आणि आवाज.

एका पद्धतीत लेझरचा झटका देऊन काजळी क्षणभरात चार हजार केल्व्हिनच्या जवळ तापवतात. ती निखाऱ्यासारखी उजळते. जितकी काजळी तितका उजेड. दुसऱ्या पद्धतीत लेझर चालू-बंद, चालू-बंद करतात. काजळी उजेड पिते, तापते, भोवतालची हवा फुगवते, मग निवते. या फुगण्या-आकसण्याचा आवाज होतो आणि तो मायक्रोफोन ऐकतो. प्रकाशातून आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८० साली दाखवलं होतं. काजळी ऐकू येते, हे वाक्य वर्गात म्हटलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

गुणधर्म म्हणजे संख्या आणि वजन एवढंच का?

नाही. आकार, घनता, ठेवण, रंगाचा गडदपणा, हे सगळं लागतं.

आकार वेगळे करायची पद्धत उपणण्यासारखी आहे. वाऱ्यावर धान्य सोडलं की दाणे जवळ पडतात, भुसा लांब जातो. इथे वाऱ्याच्या जागी विजेचा दाब असतो. कणांना ठरावीक भार देतात आणि विजेच्या क्षेत्रात सोडतात. लहान कण चटकन ओढले जातात, मोठ्यांना हवा अडवते. दाब बदलत गेलं की एकेका आकाराचे कण वेगळे काढून मोजता येतात.

घनतेचं मला नेहमी कापसावरून सांगावंसं वाटतं. जिनिंगमधला मोकळा कापूस खोलीभर असतो आणि दाबून गाठ बांधली की तोच १७० किलोचा ठोकळा होतो. कापूस तोच, जागा वेगळी. काजळीचं मूळ द्रव्य पाण्याच्या पावणेदोनपट किंवा त्याहून थोडं जड आहे. पण घोस जितका मोठा तितक्या त्यात फटी जास्त, आणि मोठ्या घोसाची घनता पाण्याहूनही कमी भरते. ही घनता काढायला आकारानं निवडलेला कण फिरत्या नळकांड्यांमधून नेतात. फिरण्याचा जोर त्याला बाहेर फेकतो, विजेची ओढ आत खेचते. दोन्ही सारखे झाले तरच तो पार जातो, आणि त्यावरून त्या एकेका कणाचं वजन कळतं. घनता कळली नाही तर आकारावरून वजन काढताना मोठी चूक होते. नळीतली घट काढायलाही ती लागते.

गडदपणाबद्दल एकच आकडा. हिरव्या उजेडात एक ग्रॅम ताजी काजळी हवेत पसरली तर सुमारे साडेसात चौरस मीटर उजेड गिळते. चार-पाच बाजा अंगणात टाकल्या तर जेवढी जागा अडेल, तेवढा.

इंजिनातून नेमके किती कण निघतात?

एक किलो इंधन जळलं की ढोबळमानानं एकावर चौदा ते पंधरा शून्य इतके. आबाजी आम्हाला जुनी मोजणी शिकवायचे: कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. एकावर चौदा शून्य म्हणजे जलधी, पंधरा म्हणजे अंत्य. हे शब्द माझ्या कामात खरेच वापरता येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता वजन करून पाहू. अंत्यभर कण, प्रत्येक ४० नॅनोमीटरचा, घनता पाण्याच्या सत्तर टक्के धरली तर एकूण वजन भरतं सुमारे २३ मिलिग्रॅम. भाजीत टाकायच्या चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. म्हणून नुसतं वजन सांगणारा माणूस खोटं बोलत नसला तरी पूर्ण सांगतही नाही. १५०-२०० प्रवाशांच्या विमानाचं एक इंजिन उड्डाणाच्या वेळी सेकंदाला साधारण एक किलो इंधन जाळतं.

इंजिन जोरात चाललं की काजळी जास्त, असंच ना?

सरळ तसं नाही. जोर वाढला की बहुतेक इंजिनांत कण मोठे होतात आणि वजन वाढतं. मंद चालीत कण अगदी बारीक असतात, वजन थोडं, पण संख्या कमी असतेच असं नाही. म्हणून चाचणी चार चालींवर होते: उड्डाण १०० टक्के रेट्यावर ०.७ मिनिटं, चढण ८५ टक्क्यांवर २.२ मिनिटं, उतरण ३० टक्क्यांवर ४ मिनिटं आणि धावपट्टीकडे जाणं-येणं ७ टक्क्यांवर २६ मिनिटं. ही वेळ विमानतळाभोवतीच्या, जमिनीपासून तीन हजार फुटांपर्यंतच्या हिशेबाची आहे. इंधन आणि हवा आधीच नीट मिसळून पातळ मिश्रण जाळणाऱ्या नव्या कक्षांत काजळी पुष्कळ कमी निघते. कोणत्या इंजिनाची किती, ते इकाओच्या इंजिन उत्सर्जन माहितीसाठ्यात सगळ्यांना पाहायला खुलं आहे.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून आता विमान उडतं. त्यालाही हा नियम लागू आहे का?

१६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ विमानानं. त्याचं इंजिन बाहेरचा पंखा फिरवणारं टर्बोप्रॉप. वरचा नियम टर्बोजेट आणि टर्बोफॅन, म्हणजे जेट इंजिनांचा आहे, टर्बोप्रॉप त्यात येत नाहीत. माझ्या मते यायला हवीत, कारण छोट्या शहरांच्या विमानतळांवर हीच विमानं जास्त असतात.

चंद्रज्योतीच्या बियांचं तेल घातलं तर काजळी कमी होते म्हणतात. आपल्या धुऱ्यावर (बांधावर) तीच झुडपं आहेत!

२७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला स्पाइसजेटचं विमान उडालं. त्यात एका इंजिनाच्या इंधनात २५ टक्के चंद्रज्योतीच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून केलेलं इंधन होतं. ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं तयार केलं होतं. बियांचं तेल तसंच्या तसं ओतत नाहीत, हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचं जेट इंधन बनवतात.

काजळी कमी होण्याचं कारण इंधनाच्या रेणूंत आहे. साध्या जेट इंधनात २५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक द्रव्यं चालतात. त्यांच्यात कार्बनच्या कड्या आधीच तयार असतात, म्हणजे काजळीचं विरजणच. वनस्पती तेलापासून केलेल्या इंधनात ती जवळजवळ नसतात. २०२१ साली एअरबस ए३५० विमानाची दोन्ही इंजिनं अशा शंभर टक्के इंधनावर चालवली आणि मागून दुसऱ्या विमानानं मोजमाप केलं. पट्ट्यातले बर्फकण साध्या इंधनाच्या तुलनेत ५६ टक्के कमी निघाले. उड्डाण मोजणारी मंडळी जर्मनीच्या अंतराळ संस्थेची होती.

पण म्हणून कापूस मोडून चंद्रज्योती लावा असं मी कोणालाच सांगणार नाही. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी असे सल्ले ऐकून लावलेली झुडपं धुऱ्यावर तशीच उभी आहेत. विकत घेणारा कोण आणि भाव काय, हे लेखी हाती आल्यावर बोलू.

माझी लेक नागपुरात सोनेगावला राहते, विमानतळाजवळ. तिला धोका आहे का मावशी?

लॉस एंजेलिस विमानतळाच्या वाऱ्याखाली १६ किलोमीटरपर्यंत अतिसूक्ष्म कणांची संख्या दुप्पट असल्याचं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. पण तो विमानतळ नागपूरपेक्षा कितीतरी पट गजबजलेला आहे, आणि त्या संख्येत गंधकाचे आणि तेलाचे थेंबही होते, फक्त काजळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून दिवसभराच्या सरासरीत घनसेंटिमीटरला १०,००० हून जास्त कण म्हणजे जास्त मानते. सोनेगावसाठी माझा आग्रह एवढाच, की तिथे संख्या मोजली जावी. नुसत्या पीएम २.५च्या, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांच्या, वजनात हे बारीक कण जवळजवळ दिसतच नाहीत.

"हे सारं आमाले काऊन सांगून रायली? आमच्या चुलीचा धूर काय कमी हाय?"

मामी, तुमचं बरोबर आहे. गावातल्या छातीला आकाशातल्या विमानापेक्षा घरातल्या चुलीचा आणि शेतात पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर कितीतरी जवळचा आणि जड आहे. अकरा किलोमीटरवरची काजळी तुमच्या स्वयंपाकघरात उतरत नाही. पण कण त्याच जातीचे आहेत, छातीत खोलवर जाणारे, आणि मोजायची उपकरणंही बरीचशी तीच. विमानांसाठी नियम झाला, कारण कोणीतरी आकडा समोर ठेवला. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या तोंडाजवळचा आकडा मात्र फार थोड्या ठिकाणी घेतला गेला आहे. नागपुरात नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथल्या माणसांना गावात बोलवा, मीही येते. तोवर सिलिंडर परवडेल तेवढा वापरा, आणि चुलीवर करायचंच असेल तेव्हा दोन्हीकडची दारं उघडी ठेवा.

आमच्या शाळेत काही करून पाहता येईल का?

येईल, सर किंवा बाई सोबत असताना. तिळाच्या तेलाचा दिवा लावा. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घ्या, एकीत थंड पाणी, दुसरीत उकळतं. ज्योतीच्या वर चार बोटांवर एक वाटी दोन मिनिटं चिमट्यानं धरा, मग दुसरी. तळाची काजळी पांढऱ्या कागदावर टिपा. थंड वाटीचा डाग गडद येतो का ते पाहा.

मग दोन्ही डागांचे आणि कोऱ्या कागदाचे फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढा. फोटोतला उजळपणा मोबाइलच्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये आकड्यात मिळतो. डागाच्या आकड्याला कोऱ्या कागदाच्या आकड्यानं भागा, आलेलं उत्तर १ मधून वजा करा, शंभरनं गुणा. हा तुमचा घरगुती स्मोक नंबर. वात कमी-जास्त करून पुन्हा करा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, तेल, वातीची लांबी आणि मिनिटं लिहा. एखादा आकडा विचित्र आला तर कागद फेकू नका, त्यावर "विचित्र" असं लिहून ठेवा. दिवाळीत मी तेच कागद आधी पाहणार आहे.